सचोटी तारते की मारते?

जालन्याच्या मोंढ्यातील एका भुसार अडतीच्या पेढीवर सुमारे चाळीस वर्षांपूर्वी महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन कामे एकापाठोपाठ एक होत असत. पहिले काम बँकेचे. पेढीचे मालक गादीवर बसून महिनाअखेरचे स्टॉक-स्टेटमेंट भरत. गोदामात तुरीची पोती किती, ज्वारीची किती, खरेदीदारांकडून येणे किती, देणे किती, हे सारे स्वतःच्या हाताने. मुनिमाला ते काम त्यांनी कधी सोपवले नाही. दुसरे काम आत्म्याचे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून ते स्थानकात जात आणि प्रतिक्रमणाला बसत. श्रावकाच्या व्रतांचे अतिचार क्रमाने उच्चारताना दुसऱ्या व्रतापाशी ‘कूडलेहकरणे’ हा शब्द येतो. खोटा लेख करणे, असा त्याचा सरळ अर्थ. तिसऱ्या व्रतापाशी खोट्या तराजूचा आणि खोट्या मापाचा उल्लेख येतो, चांगल्या मालात हलका माल मिसळण्याचाही येतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या उपदेशाची ही भाषा किती व्यापारी आहे, याचे नवागताला आश्चर्य वाटावे. पण ज्यांच्या घरात हे शब्द रोज कानावर पडतात, त्यांना त्यांचे काहीच वाटत नाही. सवयीने शब्दाची धार जाते.

त्या गृहस्थांची धार एका महिनाअखेरीस परत आली, आणि त्यात त्यांची पेढी बुडाली.

जालना जिल्हा तेव्हा नवाच होता. १ मे १९८१ रोजी तो औरंगाबादपासून वेगळा झाला आणि त्यानंतर मोंढ्यात उत्साह होता. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण लोक पुन्हा हौसेने म्हणू लागले होते. अडतीचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. शेतकरी गाडी घेऊन येतो, माल अडत्याच्या गाळ्यासमोर ओततो, हर्रास होते, तोलाई होते, हमाली आणि अडत वजा करून हिशेबपट्टी बनते आणि शेतकरी रोख रक्कम घेऊन संध्याकाळच्या आत गावी परततो. पण ज्या खरेदीदाराने तो माल घेतला, तो पैसे देतो पंधरा-वीस दिवसांनी, कधी महिन्याने. मधल्या काळाचे भांडवल अडत्याचे, आणि खरेदीदार बुडाला तर बुडीतही अडत्याचे. शेतकऱ्याला ‘तुझा खरेदीदार पळाला’ असे सांगता येत नाही. त्याच्या लेखी खरेदीदार कोणी नसतोच, असतो तो फक्त अडत्या.

त्या वर्षी जिल्ह्याबाहेरच्या एका डाळमिलने मोंढ्यातील अनेकांकडून तूर उचलली आणि पैसे थकवले. महिना झाला, दोन झाले, तीन झाले. मिलवाला रोज उद्याचा वायदा करी.

येथे बँकेचे गणित थोडे समजून घ्यावे लागेल, कारण सारा पेच त्याच गणितात आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढी रक्कम उचलता येते, असे नव्हे. दर महिन्याच्या स्टेटमेंटवरून उचलता येण्याजोगी रक्कम ठरते. तिला बँकेत डीपी म्हणतात. सोयीचे आकडे घेऊ. गोदामात आठ लाखांचा माल, खरेदीदारांकडून येणे सहा लाख, देणे दोन लाख. आठ अधिक सहा, वजा दोन, म्हणजे बारा लाख. त्यातून पंचवीस टक्के मार्जिन वजा केले की नऊ लाख उचलता येतात. (धान्यावर आणि डाळींवर रिझर्व्ह बँक त्या काळी याहून कडक मार्जिन लावीत असे, तो विषय वेगळा.) पण नव्वद दिवसांहून जुने येणे या हिशेबात धरत नाहीत. समजा, सहा लाखांपैकी चार लाख त्या मिलकडे अडकले आहेत आणि त्यांना एक्याण्णव दिवस झाले आहेत. आता आठ अधिक दोन, वजा दोन, म्हणजे आठ लाख. मार्जिन वजा जाता सहा लाख. एका रात्रीत तीन लाख हातातून गेले, आणि तेही ऐन हंगामात, जेव्हा रोज संध्याकाळी शेतकऱ्यांना रोख मोजून द्यायची असते. गोदामातील मालात मात्र एका पोत्याचा फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो एका तारखेने.

शेजारच्या गाळ्यातील व्यापाऱ्याचेही त्याच मिलकडे तेवढेच पैसे अडकले होते. तेही समाजातलेच, त्याच स्थानकात, बहुधा त्याच सतरंजीवर प्रतिक्रमणाला बसणारे. त्यांनी जुनी बिले फाडली आणि त्याच मिलच्या नावाने नव्या तारखेची बिले तयार केली. त्यांची डीपी होती तेवढीच राहिली. पुढच्या हंगामात तुरीचा भाव चढला, नफा झाला, मिलचे बुडीत येणे त्यांनी हळूहळू त्या नफ्यात जिरवून टाकले. बँकेचा एक पैसा बुडाला नाही. एकाही शेतकऱ्याची पट्टी थकली नाही. कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर देणे कठीण गेले असते.

पहिल्या गृहस्थांनी खरी तारीख लिहिली. शाखेतील एका तरुण अधिकाऱ्याने ते स्टेटमेंट तपासले, नियमाप्रमाणे जुने येणे वगळले, नवी डीपी लिहून सही केली आणि पुढची फाईल उघडली. शेजाऱ्यांचे स्टेटमेंटही त्याच दिवशी त्याच टेबलावर होते. नव्या बिलांवरची शाई फार नवी आहे हे त्याच्या लक्षात आले नसेल असे नाही, पण कागद नियमात बसत होता. बँकेच्या त्या फॉर्ममध्ये मालाचा रकाना असतो, येण्याचा असतो, विम्याचाही असतो. खरे सांगणाऱ्यासाठी रकाना नसतो. बँकिंगच्या पुस्तकांत कर्जदाराचे चारित्र्य, क्षमता आणि भांडवल असा क्रम शिकवतात, आणि चारित्र्य पहिले असते. अमेरिकेतील नामवंत बँकर जे. पी. मॉर्गन यांनी १९१२ साली तेथील संसदीय समितीपुढे साक्ष देताना कर्ज देण्यात चारित्र्याला पैशाच्याही आधी स्थान दिले होते. पुस्तकातला हा क्रम शाखेच्या टेबलापर्यंत पोहोचेतो नेमका उलटा झालेला असतो. व्यवस्थापकाने ठरवले असते तर तात्पुरती वाढीव रक्कम देता आली असती. ती मागायला ते गृहस्थ गेले नाहीत, आणि ती देऊ करायला कोणी आले नाही.

पुढचे सगळे मोंढ्याला पाठ आहे. दोन बाजार त्यांनी कसेबसे निभावले. तिसऱ्या बाजाराला रोख अपुरी पडली. शेतकऱ्याला ‘दोन दिवसांनी ये’ म्हणण्याचा प्रसंग आला. मोंढ्यात ही बातमी गाडीबैलापेक्षा वेगाने धावते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाळ्यासमोर निम्म्याच गाड्या लागल्या. ज्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या थकल्या होत्या, त्यांची एक यादी त्यांनी लाल वहीत केली, आणि घराशेजारचा भूखंड व घरातील सोने विकून एकेक नाव तारखेनिशी खोडले. ते पूर्ण झाल्यावर पेढी बंद केली. त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला त्यांच्या घरी नवी वही पूजेला लागली नाही. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी दुसऱ्याच्या पेढीवर मुनिमी धरली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने महाविद्यालय सोडले आणि एका बियाणे कंपनीच्या गोदामात नोकरी पत्करली. पुढे कित्येक वर्षे हा मुलगा घरातल्या घरात एक वाक्य बोलत असे: “बाबूजींचा धर्म माझ्या शिक्षणातून गेला.”

हे वाक्य ऐकून घेतले पाहिजे. सदाचाराची किंमत सदाचारी मनुष्य एकटा मोजत नाही. त्याच्या ताटातला घास त्याच्या मुलाच्या ताटातलाही असतो. व्रत एकाने घेतलेले असते आणि त्याचा भार व्रत न घेतलेल्यांवरही पडतो.

सदाचार माणसाच्या टिकाव धरण्याला साहाय्य करतो की अपाय, हा प्रश्न धर्मग्रंथांपुरता राहिलेला नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात तो उघडपणे मांडला. साथीदारांना दगा देण्याऐवजी स्वतःचा जीव देणारा मनुष्य पुष्कळदा निपुत्रिकच मरणार; मग असे गुण माणसांत टिकले तरी कसे, ही त्यांची अडचण होती. त्यांचे उत्तर असे की, एका टोळीत अशा माणसाला आपल्या शेजाऱ्यापेक्षा फारसा किंवा काहीच लाभ नसतो. पण ज्या टोळीत अशी माणसे पुष्कळ असतात, ती टोळी इतर टोळ्यांना मागे टाकते. डार्विन यांचे उत्तर पुढे शास्त्रज्ञांनी पुष्कळ वादात घेतले. पण त्यातला हिशेब व्यापाऱ्याला चटकन समजतो: खर्च एकाच्या नावे पडतो आणि जमा सर्वांच्या खाती होते.

जालना तालुक्यातील कडवंची गावाने हाच हिशेब पाण्यात करून दाखवला. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने तेथे पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. बांध घालायचा तर ज्याच्या शेतातून तो जातो त्याची जमीन थोडी का होईना, अडते. पाणी मात्र त्याच्याच शेतात थांबत नाही. ते जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरीला लागते. वरच्या शेतकऱ्याने ‘माझे काय’ म्हटले असते तर सारे काम तेथेच थांबले असते. गावाने ते मान्य केले, पुढे शेततळी झाली, ठिबक आले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत असताना कडवंचीने आपल्या बागा पुष्कळ अंशी वाचवल्या. पण कडवंचीत आणि मोंढ्यात एक फरक आहे. गावात वरच्याची जमीन बांधात गेल्याचे खालच्याला दिसत होते, आणि तो उद्या दुसऱ्या कामात त्याची भरपाई करू शकत होता. स्टॉक-स्टेटमेंटवर लिहिलेली खरी तारीख कोणाला दिसत नाही.

न दिसणाऱ्या गुणाचे बाजारात काय होते, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या लेखात सांगितले. त्याच कार्यासाठी २००१ साली त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. विक्रेत्याला मालाचा खरा दर्जा ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात ग्राहक सर्वच मालाला मधला भाव देऊ लागतो. मधल्या भावात उत्तम माल परवडत नाही, म्हणून उत्तम माल आणणारा बाजारातून निघून जातो. उरतो तो हलका माल. लेखातले मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचे आहे, पण एक उदाहरण भारतातले आहे: बाजारातून आणलेल्या तांदळात त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणून भारतीय गृहिणीला तांदूळ निवडत बसावे लागते. जगभरच्या विद्यापीठांत वाचल्या जाणाऱ्या लेखात आपल्या दुकानातला खडा जाऊन बसला, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. श्रावकाच्या तिसऱ्या व्रतातील ‘तत्प्रतिरूपक व्यवहार’ नावाचा अतिचार तो हाच.

तर मग सचोटीने चालणारे सारेच व्यापारी बाजारातून निघून का जात नाहीत? जालन्यातच त्याचे एक उत्तर आहे. बियाणे ही सर्वांत फसवी वस्तू आहे. धान्य हातात घेऊन पाहता येते, दाताखाली फोडून पाहता येते. बी कसे आहे हे पेरल्यावर आठ दिवसांनी कळते, आणि वाण कोणता होता हे कळायला तीन-चार महिने जातात. तोवर हंगाम गेलेला असतो. फसवणुकीला याहून सोयीचा धंदा शोधून सापडणार नाही. तरीही १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या वाणाच्या बियाण्यापासून त्यांच्या कामाचा आरंभ झाला होता. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण. त्यांच्यामागून जालन्यात इतरही बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या आणि या शहराला बियाण्यांचे शहर म्हणून नाव मिळाले. पिशवीत काय आहे हे दिसत नसल्यामुळेच शेतकरी पिशवीवरचे नाव पाहतो, आणि गेल्या वर्षी त्या नावाने दगा दिला की नाही हे शेजाऱ्याला विचारतो. येथे सचोटी हे भांडवल झाले, कारण तिची परीक्षा दर वर्षी होते, आणि तीही साऱ्या गावासमोर, उघड्या शेतात.

बियाण्यांच्या धंद्यात एक सुंदर शब्द आहे. शासकीय यंत्रणेने तपासून दाखला दिलेले ते ‘प्रमाणित’ बियाणे, आणि उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावलेले ते ‘सत्यप्रत’ बियाणे. दुकानदार बोलताना त्याला सरळ ‘ट्रुथफुल’ म्हणतात. कोणीतरी खरे सांगतो आहे एवढ्याच आधारावर लाखो एकर पेरले जातात.

अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठी व्यापार करणाऱ्या मगरिबी ज्यू व्यापाऱ्यांची पत्रे कैरोच्या एका जुन्या प्रार्थनामंदिरात सापडली. अव्हनेर ग्राइफ या संशोधकाने ती अभ्यासून दाखवले की, दूरदेशी ठेवलेला आडत्या एका व्यापाऱ्याशी बेइमानी करील तर इतर सारे व्यापारी त्याला काम देणे बंद करीत. कोर्टकचेरी न करता व्यवहार चालत. हुंडीच्या काळात मारवाडी पेढ्यांचे याहून फार वेगळे नव्हते. पत गेली म्हणजे मनुष्य गेला. परंतु या साऱ्या कथांत बेइमानाला शिक्षा कशी होते याचेच वर्णन आहे. प्रामाणिक मनुष्य वाईट वर्षात सापडला तर त्याला कोणी धरले का, याबद्दल त्या गप्प आहेत. आणि मोंढ्यातील गृहस्थांचा प्रश्न नेमका तोच होता. त्यांच्या शेजाऱ्याला शिक्षा व्हावी, असे त्यांना कधी वाटले नाही.

समाजात अशा प्रसंगी एक उत्तर तयार असते: पूर्वकर्म. लाभांतराय कर्माचा उदय होता म्हणून लाभ झाला नाही. शेजाऱ्याचे पुण्य उदयाला आले होते म्हणून तो तरला, आणि ते पुण्यही पापानुबंधी. तत्त्व म्हणून हे चुकीचे नाही. किंबहुना त्यात एक कठोर स्पष्टपणा आहे: खोटे बिल केल्याने पैसा मिळाला, असे हे तत्त्व मानत नाही, आणि खरे लिहिल्याने पैसा मिळेल असे आश्वासनही देत नाही. व्रत म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे. पण हेच तत्त्व शेजाऱ्याच्या संकटाकडे पाहून उच्चारले की त्याचा अर्थ बदलतो. स्वतःच्या दुःखात ते धैर्य देते, आणि दुसऱ्याच्या दुःखात हात न हलवण्याची सबब होते. त्याच आगमपरंपरेत सम्यक्त्वाच्या आठ अंगांत ‘स्थिरीकरण’ आणि ‘वात्सल्य’ ही दोन अंगे सांगितली आहेत. जो मार्गावरून ढळू पाहतो आहे त्याला स्थिर करणे, आणि साधर्मिकावर माया करणे. स्थिरीकरण म्हणजे उपदेश करून श्रद्धा दृढ करणे, एवढाच अर्थ व्याख्यानात सांगितला जातो. महिनाअखेरीस खरी तारीख लिहावी की खोटी या विचारात जो गादीवर बसला आहे, त्याला तीन महिन्यांसाठी तीन लाख बिनव्याजी देणे हे स्थिरीकरण का नव्हे?

त्या वर्षी मोंढ्यात असे तीन लाख नव्हते, असे नाही. त्याच वर्षी चातुर्मासाच्या बोली चढ्या गेल्या होत्या. त्या बोलणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हते. ते गृहस्थ कोणाजवळ बोलले नाहीत. बाजारात ‘हात तंग आहे’ हे शब्द उच्चारणे म्हणजे स्वतःच्या हाताने पतीला काडी लावणे. बँकेला त्यांनी सत्य सांगितले, पण स्वतःच्या माणसांना सांगितले नाही. त्यांना मारले ते सत्याने की मौनाने, यावर त्यांच्या घरात आजही एकमत नाही. मुलगा सत्य म्हणतो, आणि सून मौन म्हणते. सुनेचे म्हणणे अधिक बरोबर दिसते.

नियमाचा सारा भार खरे बोलणाऱ्याच्याच डोक्यावर पडावा, हे काही आकाशातून ठरलेले नव्हते. जुने येणे स्वतःहून दाखवणाऱ्याला बँक मुदत देऊ शकली असती. मोंढ्यातील दहा पेढ्या मिळून अशा वर्षासाठी एक फंड ठेवू शकल्या असत्या. विवाहासाठी, शिक्षणासाठी, औषधोपचारासाठी समाज असे फंड ठेवतोच. बुडण्याच्या बेतात असलेल्या प्रामाणिक पेढीसाठी मात्र कोणताही फंड नाही, कारण ती बुडते आहे हे कबूल करण्याची रीतच नाही. सचोटी तारते की मारते, याचे उत्तर सचोटीच्या स्वभावात शोधत बसण्यापेक्षा तिच्या शेजारी कोण उभा आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

शेजारच्या गाळ्याची पुढची हकिगतही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. त्यांची भरभराट झाली. पुढे त्यांनी सळईच्या कारखान्यात भांडवल घातले, गोशाळेला उदार हस्ते दिले, आणि वृद्धापकाळी शांतपणे देह ठेवला. खोट्या बिलांनी त्यांच्या झोपेचे काही बिघडवले असल्यास ते त्यांचे त्यांना ठाऊक. पण एक गोष्ट मोंढ्यातील जुनी माणसे हळू आवाजात सांगतात. पेढी बंद झालेल्या त्या गृहस्थांना मुनिमीची नोकरी ज्या ठिकाणी मिळाली, तेथे त्यांच्यासाठी शब्द टाकणारे हेच शेजारी होते. त्यांनी तेव्हा मालकाला एवढेच सांगितले होते, “तिजोरीची किल्ली यांच्याजवळ द्या.”

गोदामातल्या नोकरीला लागलेल्या त्या मुलाने तेथे तीस वर्षे काढली. त्याच्या मुलाने शेतकी पदविका घेतली आणि जालना-अंबड रस्त्यावर कृषी सेवा केंद्र काढले. त्याच्यापुढे पहिल्याच मृगात प्रश्न उभा राहिला. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे बियाणे सरकारची मान्यता नसताना चोरून विकले जाते. निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरीच ते मागतो. ते विकणाऱ्याला पिशवीमागे कमाई मोठी, आणि पावती द्यायची नसल्याने कागदही नाही. नातवाने ते ठेवले नाही. धर्म हे त्याचे एकमेव कारण नव्हते. परवाना जाईल ही भीतीही होती, आणि बी उगवले नाही तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्नही होता. त्या हंगामात पुष्कळ गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेले, आणि जाताना खतही तिकडूनच घेऊन गेले. घरात जुने वाक्य पुन्हा ऐकू आले.

त्याच जूनमध्ये घनसावंगीकडचा एक म्हातारा शेतकरी दुकानात आला. पाटीवरचे आडनाव त्याने नातवाकडून वाचून घेतले.

“मोंढ्यातल्या शेठचा तू कोण?”

“नातू.”

“तुझ्या आज्यानं आमच्या बापाचा एक रुपायबी बुडवला न्हाई. घरातलं सोनं मोडून घरी आणून दिला. बाप मरस्तोवर सांगायचा.” म्हातारा थोडा वेळ उभा राहिला. नंतर म्हणाला, “मंग असं कर बाबा, कपाशीच्या चार पिशव्या अन् दोन गोणी खत दे. पैसे कापूस आल्यावर.”

नातवाने आत पाहिले. वडील आतल्या खोलीत चालानांचा गठ्ठा लावत बसले होते, आणि त्यांनी सारे ऐकले होते. दुकान नवे, बँकेचे कर्ज चालू, उधारी द्यायची नाही असा घरात ठराव झालेला. ते मान वर न करता म्हणाले, “लिहून घे.”

नातवाने वही उघडली आणि नाव विचारले. दिवाळीनंतर कापूस आला. म्हाताऱ्याने पिशव्यांचे पैसे दिले. खताचे अजून यायचे आहेत.